‘त्याच्यावर केस आहे’: खेळाडू घ्यायचा की नाही, हे ठरवण्याआधी

फुटबॉल टीमसाठी मिळालेला स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा पुढचा खेळाडू, चांगला आहे. डाव्या पायाचा, हवेतला बॉल सोडत नाही, आणि पुढच्या स्पर्धेला यायला तयार आहे. तेवढ्यात कुणीतरी हळूच सांगतं, ‘त्याच्यावर तीनशे सात आहे.’ मग मैदान छत्रपती संभाजीनगरचं आमखास असो की नांदेड-परभणीकडचं एखादं कॉलेजचं ग्राउंड, चर्चा एकाच वळणाने जाते. अर्धे म्हणतात, गुंड टीममध्ये नको. अर्धे म्हणतात, आपल्याला खेळाशी मतलब. आणि कागद दोघांपैकी कुणीच पाहिलेला नसतो.

आधी त्या ‘तीनशे सात’चंच बघू. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांचे आकडे बदलले. खुनाचा प्रयत्न जुन्या कायद्यात ३०७ होता, आता तो १०९ आहे. खून ३०२ होता, आता १०३. गोंधळ असा की नव्या संहितेतही ३०२ आणि ३०७ हे आकडे आहेतच. नवं ३०२ म्हणजे मुद्दाम धार्मिक भावना दुखावणारं बोलणं, आणि नवं ३०७ म्हणजे इजा करायची तयारी ठेवून केलेली चोरी. जुनं ३२४ हत्याराने दुखापत करण्याचं होतं, नवं ३२४ दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस करण्याचं आहे. म्हणून नुसता आकडा ऐकून काहीच कळत नाही. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनं कलम लागतं, नंतरची असेल तर नवं. पहिला प्रश्न घटनेच्या तारखेचा.

दुसरा प्रश्न, केस कुठवर आली आहे? ‘केस’ हा आपल्याकडे फार ढिला शब्द आहे. पोलीस ठाण्यात जाऊन नुसती एनसी नोंदवली, तरी गावात ‘केस झाली’ म्हणतात. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. शिवीगाळ, किरकोळ झटापट असले प्रकार. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करत नाहीत आणि बहुतेक एनसी त्या रजिस्टरातच म्हाताऱ्या होतात. चॅप्टर केस त्याहून वेगळी. पोळा, गणपती, निवडणूक जवळ आली की शांतता राखण्याचा बॉण्ड घ्यायला बोलावतात, ती ही. हा खबरदारीचा उपाय आहे, शिक्षा नाही.

एफआयआर, म्हणजे प्रथम खबर, दखलपात्र गुन्ह्याची. तिला गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर मिळतो, पुढे तिरकी रेघ आणि वर्ष. ही तक्रारदाराची बाजू आहे, ती खरी की खोटी हे अजून ठरायचं आहे. तपास झाल्यावर पोलीस एकतर दोषारोपपत्र (चार्जशीट) दाखल करतात, नाहीतर समरी, म्हणजे प्रकरण बंद करायची परवानगी मागतात. महाराष्ट्रात समरीचे तीन प्रकार: अ समरी म्हणजे गुन्हा घडला, पण आरोपी किंवा पुरावा हाती लागला नाही; ब समरी म्हणजे तक्रारच खोटी; क समरी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी भांडणातून झालेली तक्रार. समरी मॅजिस्ट्रेटने मंजूर केली का, हे पाहायचं. पोलिसांनी नुसती मागितली म्हणजे विषय संपला असं होत नाही.

इथे एक चूक हमखास होते. ‘नव्वद दिवस झाले, बेल मिळाली, म्हणजे सुटला.’ मुळीच नाही. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आणि बाकीच्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. एवढंच. तपास चालू राहतो आणि खटलाही होऊ शकतो. उलट बाजूनेही तीच गत. ‘आत जाऊन आला’ याचा अर्थ हर्सूल जेलमध्ये कच्चा कैदी म्हणून महिनाभर होता, असा असू शकतो, आणि नंतर तो निर्दोषही सुटलेला असू शकतो.

मराठवाड्यात सगळ्यात जास्त भेटणारा कागद बांधावरच्या भांडणाचा. धुऱ्यावरून, पाण्याच्या पाळीवरून किंवा बोअरच्या तारेवरून दोन घरं भिडतात, आणि दोन्ही बाजूंच्या एकमेकांविरुद्ध एफआयआर होतात. फिर्यादीत समोरच्या घरातले सगळे बाप्ये येतात, काका, चुलतभाऊ, पुण्याला शिकायला असलेला पोरगा, सगळे. बेकायदेशीर जमावाचं कलम लागलं की एकाने केलेल्या वाराची जबाबदारी सगळ्यांवर येते (जुनं १४९, नवं १९०). त्यामुळे आपला स्ट्रायकर ‘तीनशे सातचा आरोपी’ असूनही एफआयआरमध्ये त्याच्या वाट्याला एवढंच असतं: ‘आरोपी क्र. ९ याने लाथाबुक्क्यांनी मारहाण केली.’ कुऱ्हाड आरोपी क्र. १ च्या हातात आहे. याने तो निर्दोष ठरत नाही. पण एफआयआर वाचताना वरची कलमं बघून थांबू नका, खालची हकीगत पूर्ण वाचा आणि आपल्या माणसाच्या नावापुढे कोणतं क्रियापद आहे ते शोधा. जखमीच्या डोक्यात फटका याने घातला असं तिथे लिहिलेलं असेल, तर ‘बांधाची भांडणं काय, होतातच’ म्हणून ते झटकू नका.

निकालाचेही रंग असतात. आरोप निश्चितीच्या आधीच कोर्टाने सोडलं तर ते दोषमुक्त करणं. साक्षी-पुरावे होऊन सुटला तर निर्दोष मुक्तता, आणि त्यातही ‘संशयाचा फायदा’ देऊन सुटणं वेगळं वाचलं जातं. तडजोड होण्याजोग्या गुन्ह्यात दोन्ही बाजूंनी मिटवलं, तर कायद्याने त्याचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एफआयआरच रद्द केली असेल, तर आरोपच उरत नाही. दोषी ठरूनही चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं असेल, तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याच्या कलम १२ मुळे त्या दोषसिद्धीची अपात्रता त्याला चिकटत नाही.

फुटबॉलच्या जगात हा वाद नवा नाही, आणि गंमत अशी की गाजलेलं प्रत्येक प्रकरण वेगळ्या पायरीवरचं आहे. वेल्सचा स्ट्रायकर चेड इव्हान्स याला बलात्काराच्या आरोपात २०१२ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि निम्मी भोगून तो ऑक्टोबर २०१४ मध्ये बाहेर आला. त्याच्या जुन्या क्लबने, इंग्लंडच्या शेफील्ड युनायटेडने, त्याला नुसता सराव करू द्यायचं ठरवलं, तर दीड लाखाहून जास्त लोकांनी विरोधात सह्या केल्या. ऑलिंपिक विजेती जेसिका एनिस-हिल हिने त्याला घेतलं तर मैदानातल्या स्टँडला दिलेलं आपलं नाव काढा असं बजावलं. क्लब मागे हटला. पुढे ओल्डहॅम या दुसऱ्या क्लबनेही तेच केलं. मग एप्रिल २०१६ मध्ये अपील कोर्टाने दोषसिद्धी रद्द केली, ऑक्टोबरमध्ये फेरखटला होऊन तो निर्दोष सुटला, आणि २०१७ मध्ये त्याच शेफील्डने त्याला परत घेतलं.

ब्राझीलच्या रॉबिन्योचं याच्या उलट. इटलीतल्या कोर्टाने त्याला २०१७ मध्येच सामूहिक बलात्कारात नऊ वर्षांची शिक्षा दिली होती. अपील बाकी होतं, तरी ब्राझीलच्या सँटोस क्लबने ऑक्टोबर २०२० मध्ये त्याला घेतलं आणि प्रायोजक बिथरल्यावर आठवडाभरात करार थांबवला. जानेवारी २०२२ मध्ये शिक्षा कायम झाली, आणि मार्च २०२४ मध्ये तो ब्राझीलमध्ये तुरुंगात गेला. दोघांना घ्यायचं की नाही हा वाद पेटला तेव्हा वाद घालणाऱ्यांच्या हातात कागद जवळजवळ सारखाच होता: खालच्या कोर्टाने दोषी ठरवलेला खेळाडू. नंतर काय होईल, हे तेव्हा कुणालाच दिसत नसतं. क्लबला त्या दिवशीच्या कागदावरच ठरवावं लागतं, आणि ते का ठरवलं हे लिहून ठेवावं लागतं.

मँचेस्टर युनायटेडचा फॉरवर्ड मेसन ग्रीनवूड याच्यावरचे बलात्काराचा प्रयत्न आणि मारहाणीचे आरोप फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारी पक्षाने मागे घेतले. मुख्य साक्षीदार माघारी गेले होते आणि नवा मजकूर समोर आला होता. खटला झालाच नाही, म्हणजे तो दोषी ठरला नाही आणि साक्षी-पुराव्यांवर निर्दोषही ठरला नाही. क्लबने चौकशी करून त्याला बाहेरचा रस्ता धरायला लावलं. तो स्पेनच्या गेटाफे आणि मग फ्रान्सच्या मार्से क्लबला गेला.

सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण मात्र स्कॉटलंडच्या डेव्हिड गुडविलीचं. त्याच्यावर फौजदारी खटला चालला नाही. पीडितेने दिवाणी दावा लावला आणि २०१७ मध्ये न्यायाधीशांनी त्याने आणि त्याच्या तेव्हाच्या सहकाऱ्याने बलात्कार केल्याचा निष्कर्ष काढून एक लाख पौंड भरपाई ठरवली. फौजदारी कोर्टात आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, दिवाणीत कुणाचं पारडं जड आहे एवढं पुरतं. त्यामुळे ‘त्याला शिक्षा झालेली नाही’ हे वाक्य खरं होतं, आणि तरीही अपुरं होतं. ३१ जानेवारी २०२२ ला रेथ रोव्हर्स या स्कॉटिश क्लबने त्याला घेतलं. शर्टाची प्रायोजक असलेल्या लेखिकेने हात काढून घेतला, महिला संघाच्या कर्णधाराने क्लब सोडला, आणि तीनच दिवसांत क्लबने सांगितलं की तो खेळणार नाही. पण सही झालेली होती. करार संपवायला पुढे कित्येक महिने गेले. आमच्या मते चूक दोनदा झाली, घेताना एकदा आणि महिला संघाला आधी न विचारताना दुसऱ्यांदा.

आता कागद काढायचे कसे. पहिला मार्ग खेळाडूच्याच हातात आहे: पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. अर्ज ऑनलाइन, आणि तो त्यानेच करायचा. गेल्या काही वर्षांत तो जिथे जिथे राहिला, त्या प्रत्येक ठिकाणचं मागा. परभणीत स्वच्छ असलेला मुलगा पिंपरीत तीन वर्षं कंपनीत होता, तर तिथलंही लागेल.

दुसरा मार्ग ई-कोर्ट्स, म्हणजे कोर्टातल्या केसेसची माहिती देणारं सरकारी संकेतस्थळ. प्रत्येक केसला १६ अक्षरी सीएनआर नंबर असतो. तो मिळाला तर पुढची तारीख, कलमं, कोर्टाचे आदेश सगळं दिसतं. नावाने शोधायचं तर जिल्हा, कोर्ट आणि वर्ष निवडावं लागतं, आणि इथे स्पेलिंग घात करतं. इंग्रजीत ‘शेख’ तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं, ‘जाधव’च्या शेवटी कुठे व्ही असतो तर कुठे ओ. सगळ्या तऱ्हा टाकून बघा. आणि नाव सापडलं म्हणून लगेच बोंब मारू नका. एका तालुक्यात त्याच नावाचे चार जण निघतात. वडिलांचं नाव, वय, गाव जुळल्याशिवाय तो तोच आहे असं धरायचं नाही.

एफआयआरची प्रत पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार साधारणपणे २४ तासांत ती टाकायची असते. लैंगिक गुन्ह्यांसारख्या संवेदनशील प्रकरणांतल्या एफआयआर मात्र टाकत नाहीत, म्हणजे नेमका जिथे संशय जास्त, तिथला कागद संकेतस्थळावर दिसणार नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ पासून आहे, पण ती फक्त तपास यंत्रणांना उघडता येते. क्लबला ती बघायला मिळणार नाही.

म्हणून तिसरा मार्ग सगळ्यात महत्त्वाचा: त्यालाच विचारा, लेखी. आणि प्रश्न मोघम नको. ‘तुमच्यावर काही केस आहे का?’ याला ‘नाही’ म्हणून मोकळं होता येतं. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये नोकरीच्या पडताळणीबद्दल जे सांगितलं, त्यातून क्लबने तीन गोष्टी घ्याव्यात: रकाना मोघम असेल तर माहिती लपवली असा ठपका ठेवता येत नाही, तरुणपणी घोषणा दिल्यासारखा किरकोळ मामला असेल तर सोडून देता येतो, आणि गंभीर गोष्ट जाणूनबुजून लपवली असेल तर ते लपवणंच नाकारायला पुरेसं कारण ठरू शकतं. फॉर्मवर वेगवेगळे प्रश्न ठेवा. कधी गुन्हा नोंद झाला का, कुठे, कोणता गु.र.नं.? कधी अटक झाली का? दोषारोपपत्र दाखल आहे का? कधी शिक्षा किंवा दंड झाला का? जामिनाच्या अटी काय आहेत? तडीपारी आहे का? कोणत्या संघटनेने बंदी घातली आहे का?

शेवटचा प्रश्न लोक विसरतात. कोर्टाचा रस्ता आणि खेळाच्या शिस्तीचा रस्ता वेगळा आहे. क्रिकेटपटू श्रीसंतला स्पॉट-फिक्सिंगच्या केसमध्ये दिल्लीच्या कोर्टाने २०१५ मध्ये दोषमुक्त केलं, तरी बीसीसीआयची बंदी कायम राहिली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आजीवन बंदी बाजूला ठेवून शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं, ती सात वर्षांवर आली, २०२० मध्ये संपली, आणि २०२१ च्या जानेवारीत तो केरळकडून पुन्हा खेळला.

एक दार मात्र बंदच ठेवायचं. अठराच्या आतलं वय असताना काही घडलं असेल, तर ते उकरायचं नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम २४ नुसार अशी दोषसिद्धी पुढे आयुष्यात अपात्रता ठरत नाही. अपवाद आहे तो सोळा-अठराच्या वयातल्या अतिगंभीर गुन्ह्यांचा, ज्यांत प्रौढासारखा खटला चालला. चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांनीही निकाली निघालेलं असं प्रकरण उघड करायचं नसतं. सोळाव्या वर्षी बाल न्याय मंडळापुढे गेलेल्या पोराला बाविसाव्या वर्षी त्यावरून टोमणे मारणं कायद्यातही बसत नाही.

कागद हातात आले. आता ‘घ्यायचा का’ हा प्रश्न ‘कोणत्या कामासाठी घ्यायचा’ असा विचारा. आपल्याकडे सीनियर टीमचा खेळाडू नुसता रविवारी खेळत नाही. सकाळी साडेसहाला तेरा वर्षांखालच्या मुला-मुलींना पासिंगही तोच शिकवतो, बाहेरगावच्या स्पर्धेला त्यांना गाडीतून नेतोही तोच. दारू पिऊन गाडी ठोकलेला माणूस स्ट्रायकर म्हणून चालेल, पोरांच्या गाडीचा चालक म्हणून चालणार नाही. लहान मुलांशी किंवा बाईशी केलेल्या अत्याचारात दोषी ठरलेला असेल, तर मुलांच्या शिबिराजवळही नको, मग त्याने शिक्षा भोगलेली असो. पैशाची अफरातफर केलेला असेल तर खेळू द्या, प्रवेश फीची पावती पुस्तकं त्याच्या हातात देऊ नका.

आणि ज्यांना त्याच्यासोबत ड्रेसिंग रूम वाटून घ्यायची आहे त्यांना विचारा. शर्टावर नाव असलेल्या बियाण्याच्या दुकानदाराला, कोचिंग क्लासवाल्याला सही होण्याआधी सांगा. त्याच्या क्लासात मुली शिकतात, त्यांचे आईबाप सामना बघायला येतात. नंतर पेपरात वाचून तो चिडला तर त्याचं काय चुकलं?

करारात काय लिहायचं? त्या लेखी फॉर्मात, म्हणजे स्वयंघोषणेत, खोटं निघालं तर करार लगेच रद्द, हे पहिलं कलम. नवा गुन्हा नोंद झाला तर क्लब त्याला बाजूला ठेवू शकतो, पण त्या काळात मानधन द्यायचं की नाही, द्यायचं तर किती, हे आकड्यात लिहा. ‘क्लबच्या विवेकानुसार’ असं लिहून मोकळे झालात तर पुढे भांडण नक्की. बलात्काराचे आरोप लागल्यावर मँचेस्टर सिटीने आपला बचावपटू बेंजामिन मेंडी याचा पगार सप्टेंबर २०२१ मध्ये थांबवला. तो २०२३ मध्ये सगळ्या आरोपांतून सुटला आणि २०२४ मध्ये रोजगार न्यायाधिकरणाने तो कोठडीत नव्हता त्या काळातला बहुतेक पगार त्याला देय ठरवला. एवढ्या मोठ्या क्लबचं हे झालं.

बाहेर वाद घालणाऱ्यांसाठी दोन कुंपणं. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेचं नाव, गाव, फोटो, ओळख पटेल असं काहीही लिहिलं किंवा पुढे पाठवलं, तर न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ म्हणून सुटका होत नाही. आणि खटला चालू असलेल्याला ‘बलात्कारी’, ‘खुनी’ म्हणू नका, ‘आरोपी’ म्हणा. बदनामीचं कलम आता ३५६ आहे.

सगळं जमलं, घ्यायचं ठरलं, तरी वेळापत्रक बघायचं राहतं. तडीपारीचा आदेश असेल तर तो दोन वर्षांपर्यंतचा असू शकतो, आणि बऱ्याचदा शेजारचे जिल्हेही त्यात असतात. मग जालन्याचा तडीपार खेळाडू जालन्यात घरच्या सामन्याला उतरला की मैदानातूनच पोलीस उचलतील. कोर्टाची तारीख चुकवली तर वॉरंट निघतं. जामिनाच्या आदेशात आपल्याकडे नेहमीची अट असते, ‘दर रविवारी सकाळी दहा ते बारा पोलीस ठाण्यात हजेरी’, आणि आपले सामने रविवारीच असतात. वकिलामार्फत अट बदलून घेण्याचा अर्ज करता येतो, वार बदलून मागता येतो, पण त्याला सरकारी वकिलाचं म्हणणं येतं, सुनावणी लागते, त्यात दिवस जातात. ड्रॉ निघाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. सही घेतली त्याच आठवड्यात अर्ज टाका, आणि आदेशाची प्रत मॅनेजरच्या फाइलीत ठेवा.